शंभर वॅट

शंभर वॅट म्हणजे किती, हे ज्यांनी पिवळ्या दिव्याखाली बसून पाढे पाठ केले त्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या ओसरीवर असा एक शंभराचा दिवा होता. तो लग्नकार्याला, दिवाळीत किंवा कुणी मोठे पाहुणे आले तरच लागायचा. एरवी चाळिसाच्या दिव्यावर घर चालायचे. शंभराचा लागला की आजीला वाटे, आता महिन्याचे बिल दाराशी येऊन उभे राहणार. अशा या शंभर वॅटच्या बळावर सरकारने १९८४ साली देशभर दूरचित्रवाणी पोचवायला घेतली, असे मी म्हटले तर वाचकांना थट्टा वाटेल. पण ती अक्षरशः खरी गोष्ट आहे. त्या वर्षी गावोगाव, शहरोशहरी जे लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, त्यांतल्या बहुतेकांची शक्ती शंभर वॅट होती. एका दिव्याची!

दिवा ओसरी उजळतो. हा प्रक्षेपक पंधरा-पंचवीस किलोमीटरचा टापू उजळत असे. अमुक शहरी मनोरा उभारला, की नकाशावर त्याच्याभोवती एक वर्तुळ काढायचे. वर्तुळाच्या आत असाल तर चित्र स्वच्छ. बाहेर असाल तर तुमचे नशीब, तुमच्या बांबूची उंची आणि तुमच्या घरातल्या पोरांचा उत्साह.

आमचे शेंदूरजनाघाट वर्तुळाबाहेरचे. अमरावती जिल्ह्याच्या अगदी टोकाला, वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. डोंगर चढलात की मध्य प्रदेश लागला. नागपुरी संत्री म्हणून जी देशभर विकली जातात, त्यांतली किती वरूड-मोर्शीच्या मातीतली असतात हे नागपूरकरांना ठाऊक आहे, पण नाव त्यांचे आणि फळ आमचे, याबद्दल आमची तक्रार नाही. (थोडी आहे; पण ती दिवाळीत काढू नये.) गावाची खरी ओळख फळापेक्षा रोपांची. संत्र्याची कलमे तयार करणाऱ्या रोपवाटिका इथे इतक्या, की बांधावरून चालताना पायाखाली जमीन कमी आणि जंबेरीची रोपे जास्त. माझे वडीलही कलमेच करीत. तेव्हा आमच्या आग्नेयेला नागपूर, नैऋत्येला अमरावती, आणि दोन्ही ठिकाणे अंदाजे शंभर-शंभर किलोमीटरवर. शंभर वॅटला एवढी मजल कुठून मारता यावी?

हे शंभर वॅट आले कसे, ते थोडक्यात सांगतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्याला दिसू लागले. विदर्भात आमच्याकडे होता तो नागपूरचा रेडिओ, १९४८ पासूनचा. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून खेड्यांना चित्रे दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली २४०० खेडी त्यात होती. आंध्र होते, बिहार होता, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान होते, महाराष्ट्र नव्हता. पुढे दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा आल्या, १९८२ च्या. त्यांच्यासाठी रंग आला, राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि शंभर वॅटचे पहिले काही प्रक्षेपकही आले. आपला पहिला इन्सॅट त्याच सप्टेंबरात आकाशात निकामी झाला; दुसरा, इन्सॅट-१ ब, १९८३ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या अंतराळयानातून वर गेला आणि टिकला. मग काय, १९८४ च्या पावसाळ्यापासून दिवसाला एक या हिशेबाने प्रक्षेपक बसू लागले. पेरणीसुद्धा आमच्याकडे इतक्या भराभर उरकत नाही.

यातली मेख अशी, की या केंद्रांना 'केंद्र' म्हणणेच मुळात धाडसाचे होते. एक मोठी तबकडी, ती आकाशाकडे तोंड करून बसलेली, एक खोली, तीत प्रक्षेपक, एक मनोरा, पाळीपाळीने बसणारे दोन-चार तंत्रज्ञ. कॅमेरा नाही. स्टुडिओ नाही. बोलणारे तोंड नाही. दिल्लीहून उपग्रहामार्फत जे यायचे ते झेलायचे आणि आसपास फेकायचे, एवढेच काम. अमरावतीच्या वाट्याला, अकोल्याच्या वाट्याला असे प्रक्षेपक आले. लोक त्यांना 'आपलं टीव्ही सेंटर' म्हणू लागले. पण अमरावतीच्या सेंटरमधून अमरावतीचा माणूस 'मी अमरावतीहून बोलतो' असे कधी म्हणाला नाही. म्हणायची सोयच नव्हती.

आमच्या घरी संच आला तो 'रामायण' मालिकेच्या आधी काही दिवस, म्हणजे १९८७ च्या जानेवारीत. संचापेक्षा अँटेनाचे कौतुक अधिक झाले. चाळीस फुटांचा लोखंडी नळ, त्याच्या टोकावर मासोळीच्या काट्यासारखा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा, तोंड नागपूरकडे, आणि खाली बूस्टर नावाची एक डबी, जी चित्र वाढवते असा सर्वांचा दृढ विश्वास होता. रविवारी साडेनऊला मालिका. आमची कसरत आठपासून. धाकटा भाऊ नळाला मिठी मारून गच्चीवर, मी जिन्यात, माय संचापुढे.

"आलं काय?"

"आलं, आलं! आता हालवू नोको!"

"आता?"

"गेलं रे बाप्पा. उलीसं इकडे फिरव. इकडे म्हंजे नदीकडे!"

अर्धे गाव ओसरीत आणि उरलेले अंगणात. राम वनवासाला निघाले त्या रविवारी सातपुड्यावर ढग होते. आम्ही तो वनवास मुंग्यांच्या वारुळातून पाहावा तसा पाहिला आणि तरीही बायका रडल्या. कुणाला काही कमी पडले असे वाटले नाही. माझी आजी संचाला हळदकुंकू लावी. त्यावर आज कुणी हसेल. पण ज्या वस्तूपुढे सारे आळीकर आपणहून चपला काढून बसतात, तिला हळदकुंकू लावण्यात काय चुकले?

वडील मात्र 'कृषी दर्शन' बघत. हा कार्यक्रम १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झाला, तोही दिल्लीभोवतालच्या ऐंशी खेड्यांसाठी. पुढे तोच देशभर जाऊ लागला. शुद्ध हिंदीत गव्हाचा तांबेरा, मोहरीचा मावा, ट्रॅक्टरची निगा. वडील सगळे शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी एवढेच म्हणत, "हे गव्हाचं सांगून रायले. आपल्या जंबेरीचं कोन सांगन?" यात राग नव्हता. पंगतीत वाढपी आपल्या पानाशी न थांबता पुढे गेला, तर माणूस जसा बघतो तसे ते बघत.

दूरचित्रवाणीत असे कुणी आपल्या पानाशी थांबूच शकत नाही का, हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षे छळीत राहिला. उत्तर शेजारच्या गुजरातेत होते. खेडा जिल्ह्यात पीज नावाचे खेडे आहे. तिथे १९७५ साली एक किलोवॅटचा, म्हणजे आमच्या शंभराच्या दहापट, पण तरीही मोठ्या शहरांच्या मानाने लहानच असा प्रक्षेपक बसवला. विक्रम साराभाई १९७१ साली गेले. त्यांच्या मागे अहमदाबादच्या अवकाश संस्थेतल्या मंडळींनी हा उद्योग चालवला. अग्निबाण उडवणारी माणसे, पण त्यांनी खेड्यांत जाऊन विचारले, तुम्हांला काय पाहायचे आहे? मग त्या भागातल्याच बोलीत, त्या भागातल्याच माणसांना घेऊन कार्यक्रम केले. सुमारे चारशे गावांत सार्वजनिक संच ठेवले. 'चतुर मोटा' नावाची त्यांची मालिका हुंड्याच्या चालीवर होती. शेतमजुरांची गाऱ्हाणी, सावकारी, दूध डेअरीचा हिशेब, सारे त्या पडद्यावर आले. १९८४ साली युनेस्कोने ग्रामीण संपर्कासाठीचे पारितोषिक या प्रकल्पाला दिले. आणि १९८५ साली तो प्रक्षेपक बंद झाला. अहमदाबादेत मोठ्या शक्तीचा आला होता. मोठा आल्यावर लहान कशाला, असा सरळ हिशेब. खेड्यातल्या लोकांनी विरोध केला, पण चालले नाही. म्हणजे ज्या वर्षी आपल्या देशात बिनतोंडाचे प्रक्षेपक दिवसाला एक असे उगवत होते, त्याच वर्षी बोलणाऱ्या एकुलत्या एकाला बक्षीस मिळाले, आणि पुढच्या वर्षी त्याचा आवाज गेला. मला ही गोष्ट वाचताना चीड आली होती, अजून येते.

माझी भाची टेक्सासात सॅन अँटोनिओ शहरी असते. दर दिवाळीला तिला चिवडा पाठवण्यावरून घरात जी चर्चा होते ती इथे नको. मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्या शेजारची एक मेक्सिकन आजीबाई दिवसभर स्पॅनिश दूरचित्रवाणी लावून बसलेली असे. भाचीने सांगितले, या गावातच ती सुरू झाली. मी शोध घेतला तो असा: राउल कोर्तेझ नावाच्या गृहस्थांनी तिथे १९४६ साली स्पॅनिश रेडिओ काढला, आणि १९५५ साली केसीओआर ही स्पॅनिश दूरचित्रवाणी, ४१ क्रमांकाच्या वाहिनीवर. त्या काळच्या बहुतेक संचांवर एवढ्या वरच्या क्रमांकाची वाहिनी लागतच नसे. वेगळी डबी विकत घेऊन जोडावी लागे. आमच्या बूस्टरची ही थोरली बहीण! तरी लोकांनी डब्या घेतल्या. पुढे १९८२ साली अमेरिकेने लघुशक्ती दूरचित्रवाणीचे परवाने द्यायचा कायदेशीर मार्ग काढला. काही वाहिन्यांना दहा वॅटची मर्यादा, काहींना हजाराची. त्या वाटेने गावोगावच्या लहानसहान स्पॅनिश वाहिन्या निघाल्या: चर्चची प्रार्थना, जुने सिनेमे, गावातल्या गॅरेजची जाहिरात. फार दर्जेदार होत्या असे कुणी म्हणणार नाही. पण ती आजीबाई मला खुणेने म्हणाली ते भाचीने उलगडून सांगितले: इंग्रजी वाहिनी ती बघते, आणि ही वाहिनी तिच्याशी बोलते.

दोन्ही देशांत १९८२ हेच साल आणि लघुशक्ती हाच शब्द. तिथे परवाना ज्याला बोलायचे आहे त्याला मिळाला. इथे प्रक्षेपक सरकारी राहिला. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले खरे, पण मनोऱ्यावरून दूरचित्रवाणी फेकण्याचा हक्क दूरदर्शनखेरीज कुणाला मिळाला नाही.

मग आमच्या गावाने काय केले? तारेने काम भागवले.

१९९२-९३ च्या सुमारास गावात एक केबलवाला उपजला. उपजला म्हणायचे कारण, कालपर्यंत तो लग्नांचे फोटो काढी आणि रेडिओ दुरुस्त करी. त्याने घराच्या छतावर तबकडी बसवली, झाडाझाडांवरून, खांबाखांबांवरून काळी तार ओढली, आणि महिन्याकाठी पैसे न्यायला स्वतः येऊ लागला. (पुढे केबलचा कायदा आला तेव्हा त्याला पोस्टात जाऊन नोंदणी करावी लागली, पोस्टमास्तरांनी म्हणे त्याला विचारले, "म्हणजे तार तुझी पण खातं आमचं?") मुंबई-हाँगकाँगच्या वाहिन्या तर होत्याच, पण एक वाहिनी त्याने आपल्यासाठी राखून ठेवली होती. एक व्हीसीआर, आणि लग्नात खांद्यावर घेऊन फिरायचा कॅमेरा, एवढ्या भांडवलावर शेंदूरजनाघाटात दूरचित्रवाणी सुरू झाली.

काय दाखवी तो? पोळ्याला बैलांची मिरवणूक. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: लाकडी बैल ओढणारी, काजळ फिसकटलेली पोरे. गणपती. शाळेचे संमेलन, त्यात शिवाजी महाराजांची मिशी ऐन प्रवेशात खाली पडलेली. हरिपाठ. मधून मधून पडद्यावर हाताने लिहिलेली पाटी: अमक्याची तांबडी गाय सोमवारपासून सापडत नाही, तमक्या दुकानी दिवाळीनिमित्त फराळाचे तेल आले आहे. चित्र हलके, आवाज कधी पुढे कधी मागे. आणि गाव वेडे झाले. ज्या पडद्यावर राम आणि कृष्ण आले त्याच पडद्यावर आपला रामकृष्ण न्हावी आला म्हटल्यावर होणार काय? लोक सिनेमा सोडून गायीची पाटी वाचीत. आमच्या मायला पोळ्याच्या गर्दीत स्वतःचा पदर दिसला. चेहरा नाही, नुसता पदर. ती आठवडाभर सांगत होती.

मुख्य म्हणजे भाषा. आजवर पडद्यावर वऱ्हाडी आली ती नकलेला. नाटक-सिनेमात 'काऊन बे' म्हटले की हशा ठरलेला. आमच्या बोलीला ती विदूषकाची टोपी कुणी घातली कोण जाणे. पण या वाहिनीवर माणूस वऱ्हाडीत बोलला की कुणी हसत नसे, कारण ऐकणाराही तेच बोलत असे. नगरपालिकेचा नळ किती वाजता येणार, ही बातमी 'उद्या नळ याचा नाही' अशी सांगितली, तर त्यात विनोद तो काय?

एका हिवाळ्यात तो कॅमेरा घेऊन आमच्या मळ्यात आला. "काकाजी, डोये कसे भरता ते सांगा. पोट्टे पायतीन." वडिलांनी आधी नाही म्हटले, मग धुतलेले धोतर नेसून आले. चाळीस मिनिटे ते बोलले. जंबेरीचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले पाहिजे. जमिनीपासून वीतभर वर साल कापायची, इंग्रजी टी अक्षरासारखी. डोळा चांगल्या झाडाचा, ज्याची फळे आपण चार वर्षे तरी स्वतः खाल्ली आहेत अशा झाडाचा घ्यायचा. तो सालीत सरकवायचा आणि पट्टी बांधायची, डोळा मात्र उघडा. त्यांचे हात दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता. 'आपल्या जंबेरीचं कोन सांगन' या त्यांच्या प्रश्नाला त्यांनीच उत्तर दिले, हे मला तेव्हा सुचलेही नाही. तो कार्यक्रम तीनदा दाखवला गेला. तिसऱ्यांदा लोकांनी मागणी केली म्हणून. वरूडच्या बाजारात अनोळखी माणसे वडिलांना थांबवून विचारीत, "पट्टी कधी सोडाची काकाजी?"

२००४ साली वडील गेले.

तो केबलवाला मात्र हळूहळू गेला. देशभरच्या केबलला सेटटॉप बॉक्सची सक्ती होत होत ३१ मार्च २०१७ ही लहान गावांची मुदत ठरली. आता चित्र मोठ्या कंपनीकडून कुलूपबंद होऊन येणार. घरातल्या व्हीसीआरची तार त्यात खुपसायला जागा नव्हती. त्याने एका मोठ्या जाळ्याचा वसुलीदार म्हणून काही दिवस काढले, आणि मग मोबाईलचे दुकान टाकले. ते शंभर वॅटचे प्रक्षेपकही टिकले नाहीत. प्रसार भारतीने जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने मिटवत आणले आणि ३१ मार्च २०२२ पर्यंत, सीमेवरचे वगैरे मोक्याचे थोडे सोडून, सगळे बंद केले. अँटेना काढायला कुणी गच्चीवर चढले नाही. आमचा तो नळ अजून उभा आहे आणि त्यावर मायच्या पिढीपासूनची कपडे वाळत घालायची दोरी आहे. शंभर वॅटमध्ये बोलायची मुभा आज आहे ती फक्त गावरेडिओला. २००६ च्या धोरणाने तेवढीच मर्यादा घालून दिली. साताऱ्याकडे म्हसवडच्या बायका तसा रेडिओ चालवतात. आमच्या गावी अजून कुणी मनावर घेतले नाही.

गेल्या वर्षी मी त्या केबलवाल्याच्या दुकानी गेलो. वडिलांची कॅसेट आहे का, विचारले. तो खजील झाला. कॅसेटी महाग होत्या. एकीवर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे भरीत असे. वडिलांच्या चाळीस मिनिटांवर कुणाचे तरी लग्न भरले गेले होते. त्याला दोष कसा देणार? त्याच्यापाशी ना गोदाम, ना पगारी माणूस. त्याच्या मानाने मोठमोठ्या संस्थांनी काय जपले आहे! तरी माळ्यावर चढून त्याने एक खोका खाली काढला. बुरशी आलेल्या वीस-पंचवीस कॅसेटी. एकीवर पेनाने लिहिले होते, 'काकाजी कलमा कच्चं'. म्हणजे जोडायच्या आधीचे, टाकून दिलेले चित्रण.

अमरावतीला जुन्या कॅसेटी साफ करून देणारा एक कारागीर आहे. त्याने महिनाभर ठेवून घेतली. चित्र नाही निघाले. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा सरकतात. आवाज मात्र अकरा मिनिटे आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही सगळी भावंडे ओसरीत बसलो आणि रेघांकडे बघत ऐकू लागलो. मागे मोटारीची धडधड, कोंबड्यांना हाकलणारी माय. वडील सांगताहेत:

"पट्टी सोडाची घाई करू नोका. डोया हिरवा रायला तर समजा धरला. कायाभोर झाला तर खाली दुसऱ्या बाजूनं पुन्हा भरा. झाड काही पयून नाही जात."

मग मोटारीची धडधड थांबते.

"लाईट गेली काय गा?"

"हाव, काकाजी. पण माहा कॅमेरा बॅटरीवर हाय, तुम्ही बोला."

"कायले बोलू? मोटार बंद पडली, वाफ्यात पानी अर्धंच गेलं. आधी ते पायतो. तू बस, चहा घे."

पावलांचा आवाज दूर जातो. कोंबड्या. कप ठेवल्याचा आवाज. आणि मायचा, अगदी जवळून: "साखर पायजे काय अजून?"